वेढा घ्यावा की तह

ऋतिकच्या उजव्या हातात कोयता होता आणि डाव्या हातात मोबाइल. चुलत्याच्या घराच्या मागच्या दारासमोर, शेवग्याच्या आडोशाला तो उभा होता आणि एका कानात इयरफोन घालून विक्कीशी वाद घालत होता.

"वेढाच घेऊ," तो दबक्या आवाजात म्हणाला. "त्यात तोफा हायेत, सुरुंग हायेत. तटाला भगदाड पाडायचं, आत घुसायचं आन् सगळा गड कापून काढायचा."

"आन् मग? रिकाम्या गडाचं काय लोणचं घालायचं?" विक्की हसला. "तह घेऊ, राजे. त्यात वकील पाठवता येतो, सोयरीक करता येते. आपली माणसं तरी वाचतात."

गेली दोन वर्षं दोघं एकाच बाजूने गडकिल्ल्यांच्या लढायांचा तो गेम खेळत होते. आता त्याची दोन एक्स्पान्शन, म्हणजे विकतचे जादा भाग, आली होती, 'वेढा' आणि 'तह'. एकाने घेतलं की दुसऱ्यालाही सोबत खेळता यायचं, म्हणून ठरवायचं ते दोघांनी मिळून, आणि किमतीतली सवलत आज पाचला संपणार होती. चाकण-भोसरीकडच्या पोरांच्या ग्रुपवर त्यांची गाठ पडली होती. दोघांनाही कंपनीची सुट्टी गुरुवारची, तेवढ्यावर सूत जुळलं. खरी नावं कोणीच सांगितली नव्हती. ऋतिक तिथे 'राजे' होता आणि दुसरा 'विक्की'. राजेवर कोणी चालून आलं की विक्की स्वतःची फौज कापून घ्यायचा, पण त्याला वाचवायचा. एवढी माया ऋतिकला घरात कधी मिळाली नव्हती.

घरात मिळायचा तो पट्टा. त्याचा बाप सावळाराम आणि धाकटा चुलता यांच्यात बांधावरून अकरा वर्षं वैर होतं. चुलत्याने सावळारामची दोन बोटं उडवली होती, सावळारामने त्याचा गुडघा फोडला होता. पोरांनीही एकमेकांशी बोलायचं नाही, असा दोन्ही घरांचा कायदा होता. नऊ वर्षांचा ऋतिक एकदा चुलतभाऊ दिग्विजयबरोबर गोट्या खेळताना सापडला, तर बापाने त्याची पाठ रक्ताळेपर्यंत पट्टा चालवला. तेव्हापासून दोघं शेताच्या दोन टोकांना वाढले. दिग्विजय लांबून दिसायचा. पण आवाज फुटल्यावर तो कसा बोलतो, हे ऋतिकने कधी ऐकलंच नव्हतं.

आज सकाळी मोजणीवाल्यांनी हद्दीचा दगड रोवला आणि दुपारी चुलत्याने तो उपटून फेकला. मग काय विचारता! सावळारामने पहार उचलली, दोन मेहुणे बोलावले आणि पोराच्या हातात कोयता दिला.

"फुडनं आमी घुसतो. मागनं जो निघंल त्याच्या पायावर घाल," तो म्हणाला. "दिग्या निघाला तर दोन्ही पाय तोड. माझी औलाद असशील तर."

ऋतिकला कोयता चालवायची भीती होतीच, पण तो चालवला नाही तर बाप काय करेल, याची जास्त होती. म्हणून तर तो विक्कीशी बोलत बसला होता. विक्कीशी बोललं की ती भीती मागे पडायची.

पुढच्या दारावर पहार बसली. तो दणका ऋतिकला दोनदा ऐकू आला. एकदा घराच्या पुढून, आणि लगेच पुन्हा इयरफोनमधून.

"राजे, थांब," विक्कीचा आवाज बदलला. "आमच्या दारात कायतरी चाललंय."

दुसऱ्या दणक्याला फळी फुटली. एक बाई किंचाळली, तीही दोनदा. भांडी कोसळली. लोखंड हाडावर बसल्याचा आवाज झाला आणि कोणीतरी गुरासारखं हंबरलं. "दिग्याला भाईर काढा!" सावळाराम गरजला. उघड्या कानातही तोच, इयरफोनमध्येही तोच.

दोन वर्षं ज्याच्या जिवावर ऋतिक लढला, तो विक्की या भिंतीच्या आत होता.

"राजे, माझ्या वडलांचं डोकं फोडलं रे," विक्की धापा टाकत कुजबुजला. तो रडत होता. "लय रगत हाय. आईला मी वढत सैपाकघरात आणलंय. कडी लावलीय, पण टिकायची न्हाई. तुला वेढ्यातलं कळतं, सांग ना. हितनं मागं दार हाय. तिथं कुणाला उभं केलं आसंल का?"

आत मधल्या दारावर पहार बसू लागली. एक, दोन. बिजागरी करकरली. ऋतिकने कोयता पलीकडच्या मक्यात भिरकावला आणि धावत जाऊन मागच्या दाराला हात लावला.

"केलंय," तो म्हणाला. "मला. दार उघड, दिग्या."