ओसरीतला काटा

"पुन्हा बसली!" देवानंद ओसरीतून ओरडला.

रंभा चुलीपाशी होती. कढई उतरवून ती दारात आली. सायकलचं मागचं चाक पार जमिनीला टेकलं होतं. देवानंदने टायर फिरवून पाहिलं आणि बाभळीचा एक काटा उपटून तिच्यासमोर धरला.

"हा काटा इथी ओसरीत चालत आला का? मी उजाडायच्या आत तलावावर जातो, जाळी काढून दुपारी येतो. सायकल इथीच उभी राह्यते. अन् संध्याकाळी काढाले गेलो का चाक बसलेलं! कोणीतरी मुद्दाम टोचते."

"पोट्टे असतीन," रंभा म्हणाली.

"पोट्टे सीट खाली करत नाईत! पाय, आजबी खालीच हाय. टोचते बी अन् वरून बसून पायते बी!"

त्याचा संताप उगाच नव्हता. गडचिरोलीहून आलापल्लीला जाऊन त्याच दिवशी परत यायची सायकल राईड दोन महिन्यांवर आली होती. दोनशे किलोमीटरच्या वरचा पल्ला. ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळेत हजेरी लावायची आणि वाटेत पंक्चर झालं तर आपलं आपणच काढायचं. मागच्या वर्षी तो अर्ध्या वाटेतून टेम्पोत बसून परत आला होता. तलावाच्या पाळीवर सगळे मासे धरणारे ढिवर भाऊबंद पोट धरून हसले होते. यंदा ती पूर्ण करायचीच, असं त्याने चारचौघांत सांगून ठेवलं होतं. आणि सरावाला निघावं तर हे असं!

"त्या राईडमंदी बाया बी येतात म्हणे?" रंभाने विचारलं.

"येतात शहरातल्या. माह्या डोक्याले ताप होऊन राह्यला अन् तुले बायांचं पडलं!"

रंभा आत गेली.

देवानंदने चोर मनाशी पक्का केला होता. सोमाजी. अंगाने बुटका, म्हणजे सीटचं कोडं सुटलं. मासेमारी सोसायटीच्या निवडणुकीत तो देवानंदकडून हरलेला, म्हणजे कारणही आलं. शिवाय दोन घरं सोडून राहणारा. तो रंभाचा चुलतभाऊ होता, याचाच देवानंदला जास्त राग येई. बायकोचा भाऊ असून घरात शिरून काटे टोचतो म्हणजे काय!

त्याने प्रकरण तंटामुक्ती समितीपुढे नेलं. समाजमंदिरात सगळा गाव जमला. अध्यक्ष बापूजींनी विचारलं, "सोमाजी, तुह्यावर आरोप हाय. काय म्हणतं?"

सोमाजी आधी चिडला. "मी? काऊन बा? मले सायकलचं काय करायचं हाय?" बोलता बोलता त्याची नजर बायांच्या बाजूला गेली. रंभा खाली मान घालून बसली होती. सोमाजीचा चढलेला आवाज उतरला.

"हो," तो म्हणाला. "मीच केलं. आता नाई होणार."

"पायलं?" देवानंद उठून उभा राहिला. "पायलं का सगळ्यायनं? आपलाच माणूस! लाज वाटली नाई तुले?"

सोमाजीने हात जोडले. देवानंदचं तेवढ्याने भागलं नाही. त्या दिवसापासून त्याने सोमाजीच्या घराशी बोलणं तोडलं, रंभालाही तोडायला लावलं आणि सायकलला साखळी घालून किल्ली कमरेला बांधली.

पंक्चरं थांबली. म्हणजे संशय खराच होता.

पुढच्याच महिन्यात सोमाजीने चंद्रपुराहून एक जुनी गिअरची सायकल आणली. देवानंदच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "पाय, पाय त्याची हिंमत! आता माह्याशी बराबरी करून राह्यला. येऊ दे राईडले. असा मागं टाकतो का तोंड दाखवाले जागा नाई उरली पायजे!"

रंभाने त्याच्या डब्यात दशम्या आणि तिखट भरलं. तो राईडच्या आदल्या दिवशी गडचिरोलीला मुक्कामाला निघाला तेव्हा ती म्हणाली, "आम्ही बाया मार्कंड्याले जाऊन येतो उद्या. दिवसभर लागन."

"जा. माह्यासाठी बी हात जोड."

सकाळी पहिल्या तुकडीत देवानंद सुटला. चामोर्शी मागे पडली, आष्टी आली. हजेरी लागली. सोमाजी कुठे दिसतो का म्हणून तो सारखा मागे वळून पाहत होता. आष्टीच्या पुढे जंगल लागलं आणि रस्ता ट्रकांनी उखडलेला. एका फुटलेल्या टायरची तार घुसली. त्याने ट्यूब बदलली. थोडं पुढे गेला तर पुन्हा तार. आता जवळ दुसरी ट्यूब नव्हती.

तो सागाच्या झाडाखाली चाक मांडीवर घेऊन बसला. ठिगळ लावलं, ते सुटलं. पुन्हा लावलं, पुन्हा सुटलं. बोटं सोलून निघाली. येणारे सायकलवाले हात करून पुढे जात होते. त्याने ट्रकवाल्यांना शिव्या घातल्या, रस्ता करणाऱ्यांना घातल्या आणि सगळ्यात जास्त सोमाजीला. त्याने सरावाचे ते दिवस खाल्ले नसते तर आज आपण केव्हाच आलापल्ली गाठली असती! आता पुन्हा टेम्पो. पुन्हा तेच हसणं. त्याच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं.

शेजारी ब्रेक करकरला. कोणीतरी थांबलं होतं. चाकं त्याच जुन्या गिअरच्या सायकलची होती. सोमाजीच असणार, असं वाटून त्याने मान वर केली नाही.

त्याच्यापुढे एक हात आला. हातात नवी ट्यूब होती आणि मनगटात हिरव्या बांगड्या.

"अवो, घ्या लवकर," हेल्मेटखालून रंभा म्हणाली. "मले थांबता नाई येत. माही हजेरीची वेळ होऊन राह्यली."