बिबडे वाळेपर्यंत

लखन भंगारवाला साखळी घेऊन गाडी ओढून न्यायला आला, तेव्हा गाडीवर बिबडे वाळत होते.

थोडेथोडके नव्हेत. बोनेटवर, टपावर, पार मागच्या काचेपर्यंत ओल्या साड्या अंथरलेल्या आणि त्यांवर ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे, पापडासारखे पातळ, गोल बिबडे, एकाला एक न चिकटता. उधन्यातल्या या सोसायटीच्या गच्चीवर यंदा सोलर बसलं होतं. म्हणजे तिथलं ऊन कामावर रुजू झालं होतं आणि बायकांना दुसरी जागा शोधणं भाग होतं. शेजारच्या मंगलाबाईंनी ती पहाटेच शोधली. वाल्मिकची गाडी दोन वर्षांत जागची हलली नव्हती. एवढी भरवशाची जागा अख्ख्या सुरतेत मिळाली नसती.

"मासी, ये सब हटाओ," लखन म्हणाला. "गाडी अब मेरी है."

"गाडी तुनी, बिबडा मना," मंगलाबाई म्हणाल्या. "चार वाजेपर्यंत कोणी हात लावाना नही."

आणि भांडण वाढू नये म्हणून त्यांनी लखनपुढे बिबड्यांचं उरलेलं गरम पीठ ठेवलं, वर कच्च्या तेलाची धार. लखन साखळी मांडीवर घेऊन खाली बसला.

वाल्मिक दारात उभा राहून गाडीकडे पाहत होता. तो कापड कारखान्यात वॉटरजेट लूमवर फिटर. ही वीस वर्षं जुनी, टर्बो इंजिनाची परदेशी स्टेशन वॅगन त्याने दोरीला बांधून घरी आणली होती. कागदावर ती ताशी दोनशेतीस धावायची. घरासमोरच त्याने तिला मोठा टर्बो बसवला, स्प्रिंगा कापून चार इंच खाली आणली, वेगात वळताना कलायला नको म्हणून. वळण अजून आलं नव्हतं. गेले चार महिने गाडी एकच करत होती. चालू व्हायची, दोनदा खोकायची, मरायची. त्याच्या बायकोने, सुषमाने, आखाजीपर्यंतची, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतची, मुदत दिली होती. आखाजी परवा होऊन गेली. लखनला फोन तिनेच केला होता.

"चार वाजेपर्यंत वेळ आहे," वाल्मिक हळूच म्हणाला.

"कशाला?" सुषमाने त्याच्या मागून विचारलं.

"बघतो एकदा."

"आणि दोन वर्षं काय करत होता? दर्शन घेत होता?"

बोनेट उघडता येईना, त्यावर साठ बिबडे. जॅक लावावा तर गाडी तिरपी होऊन बिबडे घसरतील, अशी मंगलाबाईंची ताकीद. उरला खालचा रस्ता. पण खाली जागाच ठेवलेली नव्हती, आणि ती कोणी ठेवली नाही हे सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं. वाल्मिकने शर्ट काढला, श्वास सोडला आणि साडीच्या फाटक्या तुकड्यावर उताणा पडून सरकत आत गेला. पोट बंपरपाशी अडकलं. लखनने माणुसकीच्या नात्याने त्याला पायाने आत लोटलं.

नाकाच्या वर वीतभर अंतरावर ते दिसलं. टर्बोकडून येणाऱ्या हवेच्या पाइपाला खालच्या अंगाने बोटभर चीर. वरून तो पाइप चार महिने अगदी सज्जन दिसत होता.

"सुषमा!" गाडीखालून आवाज आला. "खोक्यातला होज पाइप दे! लूमचा, निळा!"

सुषमाने खोकं उपसलं. मग तिने होज दिला, स्क्रूड्रायव्हर दिला आणि दोन क्लिपाही दिल्या. त्या त्याने मागितल्या नव्हत्या.

तीन वाजता समोरच्या इमारतीची सावली बोनेटवर चढू लागली.

"माय वं! वला शेतस अजून!" मंगलाबाई ओला बिबडा चाचपून ओरडल्या.

"धक्का मारतो ना," लखन बाह्या सरसावत उठला.

"धक्का नही! घसरतीन!"

तेवढ्यात वाल्मिक पायांकडून बाहेर आला. कोपरापर्यंत काळा झाला होता. "मी चालवून पुढे घेतो," तो म्हणाला.

कोणी हसलंसुद्धा नाही. हसले असते तर त्याला बरं वाटलं असतं. तो आत बसला. किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं. दुसऱ्यांदा खोकलं. वाल्मिकने डोळे मिटले. लूम अडली की तो असाच कान लावायचा. पुष्कळ वेळाने त्याच्या ध्यानात आलं, की आपण ज्याची वाट बघतोय ते मरणं काही येत नाहीये.

गाडी हलली. मंगलाबाई दोन्ही हात वर करून उलट्या पावलांनी पुढे चालत होत्या, लखन मागे काही घसरलंच तर झेलायला ओंजळ धरून. दोनशेतीसची गाडी अकरा फूट गेली. तिला सव्वा मिनिट लागलं. एकही बिबडा जागचा हलला नाही.

मंगलाबाईंनी बोनेटवरची साडी चाचपली. "गरम लागी ऱ्हायनं," त्या खुश होऊन म्हणाल्या. "बंद नको करू रे भो. चालूच ऱ्हाऊ दे."

लखनने साखळी उचलली आणि सुषमाकडे पाहिलं. "भाभी, शुं करवानुं? बांधूं के जाऊं?"

 सुषमा वाल्मिकच्या खिडकीपाशी येऊन वाकली. वाल्मिकचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते आणि नजर समोर, भर वेगात असल्यासारखी.

"अजून हातभर पुढे घ्या," ती म्हणाली. "सावली येतेय. आणि उद्या गाडी घेऊन कुठे उंडारायला जाऊ नका. माझ्या कुरडया आहेत."