निदेशकांच्या मार्फत

सुधाकर सरांनी खिशातून पत्राचं पाकीट काढलं, पण ते सुचिताच्या हातात द्यायचं धाडस होईना. त्यांनी ते बाजेवर मांडीशी ठेवलं आणि वरून रुमाल टाकला.

सुचिता काल नाशिकहून परत आली होती. कारखान्यात कामाला लागलेली पोर चौथ्याच दिवशी नांदुऱ्याला गाडीतून उतरली. बातमी गावाआधी तालुक्याच्या आयटीआयमध्ये पोचली, आणि तिला दोन वर्षं शिकवणारे निदेशक सुधाकर सर रजा टाकून तिच्या अंगणात येऊन बसले.

"पाहा सर, तुमची नाशिकवाली," तिची आई रुखमाबाई म्हणाली. "चार दिवसांत आख्खा कारखाना शिकून आली."

"माय, चूप बस ना वं." सुचिता सुपात गहू निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"काय झालं गं तिथं?" सरांनी हळूच विचारलं.

"काही नाही सर. मशीनपुढं उभं केलं. म्हणाले, चालू कर. तुझ्या कागदावर तर 'उत्तम' लिहिलं आहे." तिनं एक खडा वेचून अंगणात टाकला. "मी उभीच राह्यली."

दोन वर्षांपूर्वी ती संगणकावर चालणारी सीएनसी मशीन सरकारी निधीतून आयटीआयमध्ये आली. नवरी यावी तशी आली. ट्रकमधून उतरताना नारळ फुटला, हळदकुंकू लागलं, दर दसऱ्याला तिच्या अंगावर झेंडूचा हार पडला. कामाला मात्र तिला कधी कोणी लावलं नाही. कंपनीचा माणूस दोन तास भराभर हिंदीत सांगून गेला. सर प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, आणि कळत काहीच नव्हतं. लोखंड कातायच्या जुन्या लेथवर त्यांचा हात असा, की डोळे मिटून नुसत्या आवाजावरून हत्याराची धार गेल्याचं ते सांगत. या मशीनशी आकड्यांत बोलावं लागे. बावीस वर्षं पोरं ज्यांना सर म्हणत आली, त्यांना 'मला येत नाही' हे तीन शब्द जड गेले. मग त्यांनी मशीनवर प्लास्टिक ओढलं. "लाईट कमी-जास्त होते, जळून जाईल," म्हणत राहिले. बटणं फळ्यावर काढून दाखवली आणि प्रात्यक्षिकात सगळ्यांना पूर्ण गुण दिले.

सुचिताचा बाप शेषराव बैलांना पाणी दाखवून आला आणि समोर उकिडवा बसला.

"एक विचारू का सर? राग नका मानू. सरकारनं एवढी मोठी मशीन देली. मंग शिकवणाऱ्याले शिकवाचं काऊन नाही सुचलं त्याईले?"

"सुचलं होतं ना," सर सवयीनं बोलून गेले. "निदेशकांच्या प्रशिक्षणाचाही निधी होता. या मार्चमध्ये परत गेला. आपल्या जिल्ह्यातून कोणी मागणीच केली नाही."

"घ्या आता," शेषराव हसला. "त्याईनं ताट वाढलं, अन् आपण हातच नाही धुतले."

रुखमाबाईनं चहा आणून दिला. दोन घोट घेऊन सरांनी कप खाली ठेवला. त्यांनी रुमाल बाजूला केला.

पाकीट पाहून सुचिताचा हात सुपातच थांबला. दिवाळीनंतर तिनंच ते त्यांच्याकडे दिलं होतं. वरच्या साहेबांकडे जाणारा अर्ज निदेशकांच्या मार्फतच जावा लागतो, म्हणून. वर बुलढाण्याच्या जिल्हा कार्यालयाचा पत्ता होता, 'सीएनसी मशीनबाबत' असा विषय होता, आणि तोंड भाताच्या शितांनी घट्ट चिकटवलेलं होतं. सरांनी ते कपाटात ठेवलं. पाठवायची भीती वाटली, फाडायची लाज वाटली, आणि उघडायला तर हात धजलाच नाही. पाच महिने ते कपाट उघडताना त्यांनी नजर दुसरीकडे ठेवली होती.

"सुचिता, तुझी तक्रार मी दाबली," सर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "ती तेव्हाच गेली असती तर माझी चौकशी झाली असती. पण तुम्हाला शिकवणारा कोणीतरी आला असता. नाशिकला तुला मान खाली घालावी लागली, ती माझ्यामुळे. उद्या मी स्वतः हे बुलढाण्याला नेऊन देतो. मग माझं व्हायचं ते होवो."

शेषरावानं पोरीकडे पाहिलं. पोर सरांकडे पाहत होती.

"तक्रार?" ती म्हणाली. "सर, तुम्ही वाचलंच नाही काय?"

"माझ्या हातात चिकटवून दिलंस, तेव्हाच काय ते समजलो."

"चिकटवलं ते तुम्हाले वाईट वाटू नये म्हणून." तिनं सूप खाली ठेवलं आणि हात पुढे केला. "द्या इकडे सर. नका वाचू आता. आता त्याचा काही उपयोग नाही."

पण सरांच्या बोटांनी पाकिटाची कड उकलली होती. आत वहीचा एकच कागद होता. सुचिताचं टपोरं अक्षर, आणि खाली वर्गातल्या बाराही पोरापोरींच्या सह्या.

"...तरी आमच्या सरांना ही मशीन शिकण्यासाठी प्रशिक्षणाला पाठवावे, ही नम्र विनंती. जुन्या लेथवर ते इतके चांगले शिकवतात, की ही मशीन त्यांना आली म्हणजे आम्हाला आलीच. सर शिकून येईपर्यंत परीक्षेसाठी थांबायला आम्ही सर्व तयार आहोत."