गुरुवारची खुर्ची

टीव्ही लागला. निळा पडदा दिसला, टेबल दिसलं, खुर्ची दिसली. खुर्चीत डॉक्टरीणबाई नव्हत्या. मनकर्णाच्या तोंडचं पाणी पळालं.

"येतीन," यंत्र सांभाळणारे देवानंदभाऊ म्हणाले. "आज उशीर होऊन राह्यला. बसा, बाई."

मनकर्णा बसली नाही. मागच्या गुरुवारी तिने डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं होतं. पोटभर पाहिलं होतं. आणि आज खुर्ची रिकामी.

हे असंच होत आलं होतं. तलावावरून मासे घेऊन येताना तिने शेजारच्या लटारूच्या पोराला उचललं, कसा गुटगुटीत झाला म्हणून कौतुक केलं, आणि त्याच आठवड्यात पोर तापाने गेलं. दवाखान्यात सलाइन लावूनही गेलं. मग तिने पाठीवर हात फिरवलेली गावातल्या मंगलीची गाभण म्हैस गेली. गावाने दोन्हींची सांगड मनकर्णाच्या नजरेशी घातली. बाया मनकर्णाला पाहून लेकरं पदराखाली घेऊ लागल्या. चावडीवर कुजबूज सुरू झाली. गावाचं भय होतंच. त्याहून मोठं भय हे, की गाव म्हणतं ते खरं असेल. तिने मान खाली घातली ती घातलीच. सून करिष्मा बाळंत झाली, नात झाली, नात आता हसायलाही लागली म्हणे. एका घरात राहून आजीने तिचं तोंड पाहिलं नव्हतं.

मग मुलगा हेमराज तिला जीपमध्ये कोंबून तालुक्याच्या दवाखान्यात आणू लागला. तिथल्या एका खोलीत दर गुरुवारी टीव्हीवर नागपूरच्या मनाच्या डॉक्टरीणबाई बोलायच्या. इकडचं त्यांना दिसायचं, तिकडचं इकडे. बोलायच्या मायेने, पण बोलताना नजर खाली. मनकर्णा पदराआडून चोरून बघायची, तर दर वेळी खालीच. आपली कीर्ती पार नागपूरपर्यंत पोचली म्हणायची.

मागच्या गुरुवारी तिला राहवलं नाही.

"तुमीबी माह्याकडं नाई पाहत, बाई. तुमालेबी भेव वाटते का माह्या नजरेचं?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी तुमच्याकडेच बघते, मनकर्णाबाई. तुमचा चेहरा माझ्या टीव्हीवर दिसतो आणि माझा कॅमेरा त्याच्या वर बसवलाय. म्हणून तुम्हाला माझी नजर खाली दिसते. थांबा." त्यांनी डोळे वर उचलले. "आता मी कॅमेऱ्यात बघते आहे. आता मला तुम्ही दिसत नाही, नुसतं काळं भिंग दिसतंय. पण तुम्हाला मी दिसते ना? बघा. हवं तेवढं बघा."

मनकर्णाने पाहिलं. किती काळाने कुणाच्या डोळ्यांत पाहिलं. पापण्या लवत होत्या, डोळे हलत नव्हते. तिला रडूच आलं. आणि रडता रडता भीतीही वाटली.

"पुढच्या गुरुवारी तुमी जित्या दिसान, तं मानीन," ती म्हणाली होती.

"दिसेन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

देवानंदभाऊंनी नागपूरला फोन लावला. पलीकडे कुणी उचलेना. भिंतीपल्याड नात रडायला लागली. करिष्माने तिला लस टोचायला आणलं होतं. मनकर्णाने डोळे गच्च मिटले. पोर आपल्यानेच गेलं. म्हैस आपल्यानेच गेली. आता ही परक्या गावची भली बाईही गेली. अशी नजर घेऊन त्या लेकराच्या घरी परत जायचं नाही, तिने ठरवलं. गावाच्या अलीकडेच तलाव लागत होता. त्याचं पाणी कुठे खोल आहे, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

"नमस्कार, मनकर्णाबाई."

तिने डोळे उघडले. खुर्चीत डॉक्टरीणबाई होत्या. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले, आवाज बसलेला. पण त्या बसल्या तशा थेट कॅमेऱ्यात बघत होत्या.

"उशीर झाला. बघा, आहे ना मी?"

कॅमेरा नीट करायला त्यांनी हात पुढे केला आणि झटकन टेबलाखाली घेतला. तेवढ्यात मनकर्णाला दिसायचं ते दिसलं. हाताच्या पाठीवर सलाइनची सुई होती, वर पांढरी चिकटपट्टी. लटारूच्या पोराच्या हाताला अशीच पट्टी होती.

म्हणजे बाई आजारी पडल्या. आपण पाहिल्यावरच पडल्या. तिची मान आपोआप खाली जायला लागली.

पण ती पुरती खाली जाईना. सुई अजून हातातच होती, म्हणजे बाई खाटेवरून उठून आल्या होत्या. ज्या नजरेला सगळं गाव भ्यायचं, तिच्यासमोर अंगात ताप घेऊन येऊन बसल्या होत्या. काळ्या भिंगात त्यांना काही दिसत नव्हतं, तरी डोळे हलवत नव्हत्या. भ्यालेलं माणूस असं करत नाही. भ्यालेलं माणूस कसं असतं, हे मनकर्णाइतकं कोणाला माहीत होतं?

तिने डोक्यावरचा पदर मागे सारला.

"हात नोका लपवू, बाई," ती म्हणाली. "गोळ्या टायमावर घेजा. ताप येते मानसाले. कोनी पाह्यलं म्हनून नाई येत."

तिचं बोलणं तिचं तिलाच ऐकू आलं. भिंतीपल्याड नात अजून रडत होती.

"हेमराज," तिने दाराकडे तोंड करून हाक मारली, "पोरीले आत आन. कोनावर गेली, पाहू दे."