एकच धून, दोनदा

"पडदा ओढा," प्राचार्य म्हणाले, आणि पियानो, त्याच्यापुढचं स्टूल आणि स्टुलावर बसलेली मुलगी, सगळंच पडद्याआड गेलं.

बाई पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या. याच संगीतशाळेत त्यांनी तीस वर्षं पियानो शिकवला होता. विद्यार्थी त्यांना तिखटबाई म्हणायचे. कान तिखट म्हणून की जीभ, हे कोणी कधी स्पष्ट केलं नाही. आज पडद्यामागे त्यांची स्वतःची मुलगी होती. शाळेत गाण्याच्या वर्गांना तीच साथ करायची, आणि आता तिच्या जागी आपोआप वाजणारा पियानो आणायचा घाट घातला गेला होता.

"यात फसवाफसवी काही नाही हं, बाई," पियानोचा विक्रेता म्हणाला. "पियानो खराखुरा आहे. तारा त्याच, हातोड्या त्याच. फक्त पट्ट्या दाबायला माणूस लागत नाही. एकच धून दोनदा वाजेल. एकदा तुमची मुलगी वाजवेल, एकदा हा स्वतः."

"तुम्हाला फरक कळला, तर ती राहील," प्राचार्य म्हणाले. ते बाईंच्याच हाताखाली शिकलेले. पण बोलताना त्यांनी बाईंच्या नजरेला नजर दिली नाही. "तुमच्या कानाला कळला नाही, तर वर्गातल्या मुलांना काय कळणार?"

अशा यंत्राच्या खोडी बाईंना ठाऊक होत्या. अगदी हलका सूर ते गिळून टाकतं. नाजूक जागी पट्टीखाली टक्‌ असा आवाज होतो. पेडल ते एक तर पुरतं दाबतं, नाही तर पुरतं सोडतं. माणसाचा पाय मधेच कुठे तरी रेंगाळतो. बाईंनी तिन्ही खुणा मनात घोळवल्या आणि डोळे मिटले.

धून सुरू झाली.

हलके सूर सगळे जागच्या जागी आले. टक्‌ नाही, खट्‌ नाही. पेडलही रेंगाळत होतं. म्हणजे ही मुलगीच. पण यंत्रंही आता सुधारली असतील तर? मग मधली उतरण आली, आणि पाठीमागे कुणी लागल्यासारखे सूर धडाधड खाली उतरले.

बाईंचा जीव भांड्यात पडला. ही घाई त्यांनी झोपेतही ओळखली असती. मुलगी सात वर्षांची असल्यापासून याच जागी त्या पेन्सिल आपटायच्या. "पळतेस कुठे? गाडी चुकतेय का तुझी?" मुलगी आता चाळिशीला आली, पण तिची गाडी काही अजून स्टेशनात लागली नव्हती.

मग तीच धून पुन्हा वाजू लागली.

या वेळी उतरणीच्या तोंडाशी सूर थांबले. गार पाण्यात पाय घालण्याआधी माणूस थबकतं, तेवढेच. मग एकेक करून, शांतपणे खाली आले. बाईंच्या अंगावर काटा आला. डोळे भरून येताहेत हे लक्षात आल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला. यंत्राचं ऐकून रडायचं?

शेवटचा सूर विरला. बाई ताडकन उठल्या.

"पहिल्यांदा माझी मुलगी. दुसऱ्यांदा यंत्र."

"नीट विचार करून सांगा, बाई," प्राचार्य म्हणाले.

"विचार कसला करायचा? इतकं सुंदर माझी मुलगी जन्मात वाजवणार नाही!"

विक्रेता जिंकला होता, पण तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. प्राचार्यांनी स्वतः जाऊन पडदा बाजूला केला. मुलीचे दोन्ही हात अजून पट्ट्यांवर होते.

"बाई, पहिल्यांदा यंत्र वाजलं," प्राचार्य हळूच म्हणाले.

"शक्यच नाही! ती घाई..."

"घाई माझीच होती, आई," मुलगी म्हणाली. "गेल्या आठवड्यात या विक्रेत्यांनी माझं वादन यंत्रात भरून घेतलं. ते जसंच्या तसं वाजवतं. तुला सांगायचं नाही, अशी अट होती. त्यानंतर रोज सकाळी इथे येऊन मी फक्त ती उतरण घोटली."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. "अगं, नोकरी पणाला लागलेली, आणि तुला आजच सुधारायचं सुचलं? मला कळावं म्हणून काही तरी खूण नको होती का ठेवायला?"

मुलीने पियानोचं झाकण सावकाश बंद केलं.

"तीच खूण होती, आई. मला वाटलं, इतकी वर्षं तू जे ऐकायची वाट बघत होतीस, ते कानावर पडलं की तू मला ओळखशील."