अंगठ्याचा दोरा

रुचिकाच्या कमरेला दोरा बांधला होता.

रोशनी आतल्या खोलीच्या दारातच थांबली. कानातला इअरफोन काढून तिनं मुठीत धरला. समोरच्या खोलीत पावणेदोन वर्षांची तिची पोर उभी. फ्रॉकवरून सुताचा पांढरा दोरा. दोऱ्याचं दुसरं टोक सासूच्या आडोशाला कुठंतरी गेलेलं. आणि सासू, मैनाबाई, पाठमोरी बसून तुरीची डाळ निवडते आहे. खुंट्याला वासरू बांधून मोकळं व्हावं, तशी.

दात येत होते म्हणून पोर रात्रभर रडली होती. नवरा, संजीव, पहाटेच कोराडीच्या वीज केंद्रात पाळीवर गेलेला. रोशनीचं काम घरातूनच, पण घराचा आवाज त्यात चालत नसे. एका लॅबसाठी दुपारभर लोकांना फोन करायचे, उद्या तुमची तपासणी आहे, उपाशीपोटी या, म्हणून सांगायचं. कालच सुपरवायझरनं बजावलं होतं, मागून लेकराचं रडणं पुन्हा आलं तर काम दुसऱ्या कुणाला देऊ.

सकाळपासून तिनं काय काय करून पाहिलं. परातीत पाणी घालून दोन वाट्या दिल्या. बाटलीत राजमा भरून खुळखुळा केला. कपड्यांच्या चिमट्यांची माळ ओवून दिली. प्रत्येक खेळावर पोर हरखली आणि घटकाभरात पुन्हा आईच्या पदराला येऊन लोंबकळली. कार्टून लावून द्यावं, तर घरात मोबाइल एकच, आणि त्याच्यावर तर सगळं काम.

सासूचा आधार म्हणावा, तर हाकेला ओ नाही. काल पोर हातभर अंतरावर पडून रडत होती आणि मैनाबाई अशीच पाठमोरी. फोनवर आवाज जाऊ नये म्हणून भर उन्हाळ्यात कूलर बंद. तांडापेठेतलं ते दोन खोल्यांचं घर घामानं चिंब आणि इतकं शांत, की भिंतीवरचं घड्याळ मोठ्यानं बोलल्यासारखं वाटावं. न ऐकू यायला कारणच काय होतं? नातीचं करायचं नाही, एवढंच. रात्री पोरीला खांद्यावर घेऊन येरझारा घालताना रोशनीनं ठरवून टाकलं होतं, हिला उमरेडला माझ्या आईकडे ठेवायचं. फ्रॉकांची पिशवी दाराशी भरून ठेवली होती. पोरीशिवाय हे घर कसं दिसेल, तेवढं ती मनात येऊ देत नव्हती.

"आई!"

डाळीत फिरणारी बोटं थांबली नाहीत.

"आई, ढोर हाय काय ते, बांधून ठेवाले? लेकराकडं पाहणं होत नाही तं सरळ सांगा ना! आजच्या आज उमरेडले नेऊन देतो मी तिले. करा मंग आराम!"

मैनाबाईची मान वळली नाही. रुचिकानं मात्र आईकडं पाहिलं, खुदकन हसली आणि तुरुतुरु पळत सुटली. दोरा ताणला गेला. तट्‌कन तुटला.

त्याच क्षणी मैनाबाई वळली.

"तोडला काय वं माह्या सोनीनं? आन इकडं."

पोर तुटकं टोक झेंड्यासारखं मिरवत आजीकडं आली. मैनाबाईनं दोन्ही टोकं चिमटीत घेऊन नुसती चोळली, आणि दोरा जुळला. गाठ कुठं पडली तेही दिसेना. जन्म विणण्यात गेलेला हात होता तो. घशातल्या घशात ती गुणगुणली,

"तुटला वं धागा, देऊ त्याले गाठ,
गाठीगाठीनं चाले माह्या सोनीची वाट."

पोर पुन्हा पळाली. पुन्हा तट्‌. पुन्हा जोडायला परत. फरशीवर दोऱ्यांचे पांढरे तुकडे पसरले होते, जाई सांडावी तसे. किती वेळ चालला होता हा खेळ कोण जाणे. इतक्या वेळात पोर एकदाही रडली नव्हती, हे रोशनीला आत्ता जाणवलं. दोरा एकेरी होता, बाळाच्या बळानंही तुटेल असा. पोर बांधलेली नव्हतीच. दुसरं टोक मैनाबाईनं स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळून घेतलं होतं.

आता कुठं तिची नजर दाराकडं गेली.

"झाले काय वं फोन? कधीची उभी हायेस?"

रोशनीचे ओठ हलले आणि थांबले. मैनाबाई त्या ओठांकडंच बघत होती. मग तिनं मान खाली घातली.

"घरी हातमाग होता तेव्हा संजीवले असंच सांभाळलं मी," ती म्हणाली. "मंग मशीनच्या मागावर लागलो. त्या खडखडीनं कान गेले हळूहळू. आता दोरा ढिला पडला का समजते, पोरगी दूर गेली." डाळीतला खडा तिनं बाजूला काढला. "तुले सांगितलं असतं, तं लेकरू माह्यापाशी ठेवलं असतं काय तू?"

रोशनीच्या मुठीतला इअरफोन किणकिणला. पुढचा फोन लावायची वेळ झाली होती. ती खाली बसली. सासूजवळची सुताची कांडी उचलून तिनं दोरा सोडवला, तुटू नये म्हणून दुपदरी केला आणि त्याचं एक टोक मैनाबाईच्या दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला बांधलं. दुसरं टोक घेऊन ती उठली. जाता जाता दाराशी ठेवलेली पिशवी पायानं खाटेखाली सरकवली.

आत खुर्चीवर बसून तिनं दोरा हलकेच ओढला.

बाहेरून तशीच एक ओढ परत आली. सासूनं हाकेला ओ दिली होती.