खरातमामांचं कुलूप

“सासूने केलेला भातही तू चेपून बघशील,” खरातमामा म्हणाले आणि भोवतालची माणसं हसली.

आयटीआयमधून नुकत्याच आलेल्या अस्मिताने मोटरच्या तारांना हात लावण्याआधी टेस्टर बाहेर काढला होता. तेलगिरणीची वीज तीस वर्षं सांभाळणाऱ्या मामांनी स्वतः मोटरची वीज तोडणारा ब्रेकर पाडून त्याला कुलूप घातल्यावर आणखी काय तपासायचं? तिने वाकून टेस्टर तारेला टेकवला.

टेस्टरचा दिवा पेटला. तारेत वीज होती.

मामांनी वळून पॅनेलकडे पाहिलं. कुलूप शेजारच्या ब्रेकरला लटकत होतं.

अस्मिताने कुलूप पाहिलं, मग मामांचा चेहरा पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “मामा, माझा टेस्टर बिघडलाय वाटतं. बघता का जरा?”

पोरीने लाज झाकायला आपला पदर पुढे केला होता. मामांनी तो घेतलाही असता. पण टेस्टर खोटा ठरला, तर उद्यापासून गिरणीत तो कुणी खिशातून काढणार नव्हतं.

“टेस्टर बरोबर आहे,” ते म्हणाले. “मीच भलता ब्रेकर पाडला.”

आता कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं मामांना वाटलं. त्यांनी खरा ब्रेकर पाडला, कुलूप घातलं आणि खाली बघतच किल्ली तिच्या हातात ठेवली.

“पुन्हा तपास,” ते म्हणाले, आणि तिला नीट दिसावं म्हणून बॅटरी धरून उभे राहिले.